समुद्राचा खोटा तळ

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेतील सॅन दिएगोनजीक पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या ध्वनियंत्रांना समुद्रतळाच्या पुष्कळ वर एक खोटाच तळ लागला. तो सजीवांचा थर असेल तर सायंकाळी वर चढलाच पाहिजे, असे जीवशास्त्रज्ञ मार्टिन जॉन्सन यांचे अनुमान होते. १९४५ साली तसे आढळलेही. अशा थरांत लहान माशांबरोबर आपल्या जवळ्यासारखे दिसणारे क्रिल आणि इतर तरंगते जीव असतात. रात्री ते वर येऊन चरतात; उजाडताच भक्षकांच्या भयाने अंधारात उतरतात. सूक्ष्म वनस्पतींनी शोषलेला कर्ब असा त्यांच्या पोटातून शेकडो मीटर खाली जातो आणि काही अंशी श्वास व विष्ठेवाटे तेथेच सुटतो. पुरेशा खोलीवर पोहोचलेला हा कर्ब शतकानुशतके हवेत परतत नाही. नौदलाला मात्र तेव्हा एवढेच हवे होते: हा प्रतिध्वनी पाणबुडीचा तर नव्हे?