सारंगखेड्याच्या घोडेबाजाराची कुळकथा

खानदेशात, नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, तापीकाठी सारंगखेडा आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, तिथे एकमुखी दत्ताची यात्रा सुरू होते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार भरतो. बाजार तीनशे वर्षांहून जुना आहे, पूर्वी राजेरजवाड्यांची माणसे इथून घोडे नेत, असे सांगतात. फौजेला लागणारे जनावर योगी दत्तात्रेयाच्या दारात का विकले जावे?

मराठ्यांच्या फौजेत बारगिराला सरकारी घोडा मिळे, शिलेदाराला स्वतःचा आणावा लागे. भीमथडीचे तट्टू काटक खरे, पण अंगाने लहान. उंच जनावर हवे तर काठेवाड-मारवाडकडे पाहावे लागे आणि तिकडून दख्खनेत उतरताना खानदेश वाटेत येई. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा मोठा व्यापारी रस्ताही नंदुरबारवरूनच जात असे. त्यात मार्गशीर्ष म्हणजे वाटा सुकलेल्या, तापीचे पाणी उतरलेले, ज्वारीचा कडबा हाताशी.

पण चारापाण्यावर बाजार पिढ्यान्‌पिढ्या टिकत नाही. परमुलखातून महागडे जनावर घेऊन येणाऱ्याला आधी निर्धास्तपणा हवा. तो यात्रेने दिला, असे मला ठामपणे वाटते. देवाच्या दारी आलेला माणूस कोणत्याही दौलतीचा असो, तिथे तो यात्रेकरूच.

जपानमधल्या हाचिमान देवाची आठवण इथे होते. तो योद्ध्यांचा आणि धनुर्विद्येचा देव, मिनामोतो घराण्याचा रक्षक. 720 साली उसळलेले हायातो लोकांचे बंड मोडताना जी माणसे मारली गेली, त्यांच्यासाठी प्रायश्चित्त म्हणून उसा येथील त्याच्या देवस्थानात जिवंत प्राणी सोडण्याचा विधी सुरू झाला, अशी परंपरा आहे. पुढे बौद्धांनी त्याला बोधिसत्त्व मानले. लढाईच्या देवालाही जीवदानाचा विधी लागला. सारंगखेड्याच्या दत्ताला असे प्रायश्चित्त घ्यावे लागले नाही. त्याने फक्त जागा दिली, आणि ती जागाच मला मोठी वाटते.

1818 मध्ये पेशवाई गेली, शिलेदारीही मागे पडली. बाजार मात्र मोडला नाही. मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडचे घोडे अजून येतात. पारखी दात पाहून वय ठरवतात, देवमण आणि पंचकल्याण या शुभ मानलेल्या खुणा शोधतात, खूर उचलून बघतात, रेवाल चाल चालवून घेतात. घेणाऱ्यांत आता वरातीत घोडे नाचवणारे असतात, शर्यतीचे शौकीन असतात आणि दारात एक चांगली घोडी असावी एवढ्यासाठी आलेले शेतकरीही.