दाव्याची लांबी

लोणावळ्याजवळचे भुशी धरण रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधले. येथे वर्षाकाठी ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा पावसात एखादी म्हैस उघड्यावर खुंट्याला बांधून ठेवली, तर कायदा काय म्हणतो?

मुंबईत प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था १८७४ मध्येच निघाली होती. १८९० च्या कायद्याने जनावराला विनाकारण यातना होतील असे बांधणे हा गुन्हा ठरवला. मात्र त्याचा रोख रस्त्यांवर आणि लोकांच्या वावराच्या जागांवर होता. रस्त्यावरून न दिसणारा परसातला खुंटा सुटून गेला.

स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक मांडले. सरकारच स्वतः कायदा करील, या पंडित नेहरूंच्या आश्वासनानंतर त्यांनी ते मागे घेतले. त्यातून १९६० चा कायदा आला. त्याच्या ११ व्या कलमानुसार जनावर अवाजवी आखूड किंवा जड दोरीने वा साखळीने अवाजवी काळ बांधणे हा गुन्हा आहे. मालकाने पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हाही गुन्हाच.

पण ‘अवाजवी’ म्हणजे किती? कायद्यात आकडा नाही. येथे विज्ञानाची मदत होते. दोन मीटर दाव्याला बांधलेल्या जनावराला सुमारे १२.६ चौरस मीटर वर्तुळ मिळते. दावे निम्मे केले की जागा निम्मी होत नाही, ती पाव उरते. शिवाय गरज प्राण्यागणिक बदलते. म्हशीला घर्मग्रंथी गाईपेक्षा बऱ्याच कमी. तिला उन्हात सावली किंवा डुंबायला पाणी हवेच. याउलट डांगी जातीची गुरे मुसळधार पावसात तग धरतात.

१९६० मध्ये पहिल्या गुन्ह्याला कमाल दंड ठरला ५० रुपये. त्या काळी तो जाणवत असे; पुढे महागाईने त्याची धार गेली. ७ मे २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने भूक-तहान, भीती, गैरसोय, वेदना यांपासून मुक्तता आणि नैसर्गिक वर्तनाची मुभा ही पाच तत्त्वे या कायद्यात अभिप्रेत असल्याचे सांगितले, तसेच संसदेने शिक्षा परिणामकारक करावी, अशी अपेक्षा व्यक्त केली.

वर्तुळाचे क्षेत्रफळ शिकवताना विद्यार्थ्यांना घरच्या गोठ्यातले दावे मोजायला सांगावे. त्या वर्तुळात पाणी आणि सावली येते का, हेही त्यांनी पाहावे. कायद्याने मोकळा सोडलेला आकडा त्यांना तेथे सापडेल.