‘पब्लिकली’मधला हरवलेला ‘के’

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी माझं एक अख्खं टिपण कचऱ्यात गेलं. अठराव्या शतकातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांच्या डिजिटल संग्रहात मी ‘पब्लिकली’ हे क्रियाविशेषण शोधत होते. शतकाच्या पूर्वार्धात नोंदी अगदीच तुरळक. मी लगेच लिहून टाकलं, की हा शब्द तेव्हा फारसा वापरात नव्हता. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, “स्पेलिंग कोणतं टाकलंस?”

आजचंच टाकलं होतं. ‘सी’नंतर थेट ‘एल-वाय’. त्या काळी मात्र बरेच जण मधे ‘के’ लिहायचे. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५च्या शब्दकोशात पब्लिक आणि म्युझिक, दोन्हींच्या शेवटी ‘सी-के’ आहे. इंग्रजी शब्द नुसत्या ‘सी’वर संपत नाही, असं त्याचं मत. गंमत म्हणजे ‘म्युझिकल’ लिहिताना तोच जॉन्सन ‘के’ गाळतो! नोआ वेब्स्टरने १८०६ आणि १८२८च्या कोशांत हा ‘के’ काढूनच टाकला. (सुरुवात त्याने केली असं मात्र लिहू नका. ‘के’ नसलेली रूपं त्याच्या आधीही छापली जात होती.) पुढे ब्रिटननेही तो सोडला.

‘के’ गेला आणि मागे एक अपवाद उरला. ‘आय-सी’वर संपणाऱ्या विशेषणाला आपण ‘ए-एल-एल-वाय’ जोडतो: बेसिकली, आर्टिस्टिकली. ही सवय ‘हिस्टॉरिक-हिस्टॉरिकल’सारख्या जोड्यांवरून पडली. ‘पब्लिकल’ काही रूढ झालं नाही, म्हणून ‘पब्लिकली’चा जुना सांधा तसाच राहिला. उच्चारात फरक कळत नाही, त्यामुळे आज कित्येक जण तिथेही ‘ए-एल’ घुसवतात, आणि काही कोश ते पर्यायी रूप म्हणून नोंदवतातही. देवनागरीत तर तिन्ही रूपं एकच दिसतात, मग आपली फसगत आणखी सोपी.

‘ट्रूली’चंही तेच. ‘ट्रू’चा शेवटचा ‘ई’ गाळायचा, असं शाळेत पाठ करून घेतात. पण हे क्रियाविशेषण जुन्या इंग्रजीपासून चालत आलंय. ‘ई’चा नियम पुस्तकात आला तो फार नंतर.

मी पुन्हा शोध घेतला, या वेळी ‘के’ घालून. ढीगभर नोंदी निघाल्या. आता कुठलाही शब्द सर्चमध्ये टाकण्याआधी त्या काळातला एखादा कोश उघडते, आणि टिपणात शोधाच्या तारखेशेजारी वापरलेली सगळी स्पेलिंग लिहून ठेवते.