समजून घ्या : विमानाला अन् जहाजाला वाट दाखवायचा अधिकार कोणाचा? चिकलठाण्याच्या आसपास घर, टॉवर, ड्रोनला परवानगी कोण देतं?

चिकलठाणा विमानतळाच्या आसपास प्लॉट घेतला, बांधकाम काढलं, आणि मग कोणीतरी सांगतं, "अहो, विमानतळाची एनओसी लागते." मग माणूस ग्रामपंचायतीत जातो, तिथून तहसीलला, तिथून मनपात. सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. असं होतं कारण विमानाच्या वाटेवर नेमका हक्क कोणाचा, हे कोणी नीट सांगत नाही. हीच माहिती एका ठिकाणी देण्याचा हा प्रयत्न.

आधी 26 एप्रिल 1993 ची आठवण

जिल्ह्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या माणसाला हा दिवस सांगावा लागत नाही. सोमवार होता, दुपारी एक वाजून गेला होता. इंडियन एअरलाइन्सचं आयसी 491 हे बोइंग 737 विमान दिल्ली, जयपूर, उदयपूर करत इथे आलं होतं आणि मुंबईला निघालं होतं. विमानात प्रवासी आणि कर्मचारी मिळून 118 जण होते.

विमानाने धावपट्टीच्या अगदी शेवटी जमीन सोडली. धावपट्टी संपते तिथूनच बीड रस्ता जात होता आणि त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. विमानाचं डावं चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकला धडकला. धडक बसली ती जमिनीपासून सुमारे सात फुटांवर. पुढे काही किलोमीटरवर विमान विजेच्या उच्चदाबाच्या तारांना अडकलं आणि शेतात कोसळलं. 55 जण गेले, 63 जण वाचले.

चौकशीत दोन कारणं पुढे आली. पहिलं, वैमानिकांनी विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं. दुसरं कारण आपल्या विषयाचं आहे. विमानाच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक रोखण्याचं काम त्या वेळच्या राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने केलं नाही.

म्हणजे विमान सुरक्षित जावं ही जबाबदारी धावपट्टीच्या कुंपणापाशी संपत नाही. रस्ता, तार, टॉवर, घर, झाड हे सगळं त्यात येतं.

राज्यघटना काय सांगते?

घटनेच्या सातव्या अनुसूचीत कामांच्या तीन याद्या आहेत. केंद्राची, राज्याची आणि दोघांची मिळून समवर्ती. केंद्राच्या यादीत 26 क्रमांकाला दीपगृहं, दीपनौका, संकेतदीप आणि जहाजं व विमानांच्या सुरक्षिततेच्या इतर सोयी हा विषय आहे. 29 क्रमांकाला विमानं, हवाई वाहतूक आणि विमानतळ आहेत. 25 क्रमांकाला समुद्रातली जहाज वाहतूक आहे.

याचा साधा अर्थ असा की, विमानाला आणि जहाजाला वाट दाखवायचा कायदा फक्त संसद करू शकते. विधानसभेला, जिल्हा परिषदेला किंवा ग्रामपंचायतीला त्यात अधिकार नाही. गावाने कितीही ठराव घेतले तरी विमानतळाजवळची उंचीची मर्यादा ठरावाने बदलत नाही.

आंतरराष्ट्रीय जबाबदारीही आहे. 1944 च्या शिकागो करारानुसार प्रत्येक सदस्य देशाने आपल्या हद्दीत विमानतळ, रेडिओ सेवा, हवामानाची माहिती आणि वाट दाखवणारी साधनं शक्य तितकी पुरवायची असतात. भारत त्या करारात आहे.

कोणतं खातं काय करतं?

इथेच लोकांचा गोंधळ होतो, म्हणून वेगवेगळं सांगतो.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए. हे नियम करतं, विमानतळाला परवाना देतं, नियम मोडले तर कारवाई करतं.

भारतीय विमानतळ प्राधिकरण. हे प्रत्यक्ष काम करतं. 1994 च्या कायद्याने, जुनी दोन प्राधिकरणं एकत्र करून, 1 एप्रिल 1995 ला हे सुरू झालं. दिशादर्शक यंत्रं, संपर्काची साधनं, संकेतदीप घ्यायचे, बसवायचे आणि सांभाळायचे हे काम त्याच कायद्याने या प्राधिकरणाला दिलं आहे. गरज असेल तर विमानतळाच्या बाहेरही ही साधनं बसवता येतात.

विमानतळ खासगी कंपनी चालवत असली तरी आकाशातला रस्ता सरकारकडेच राहतो. मुंबई विमानतळ 2006 पासून खासगी कंपनीकडे आहे, पण तिथली हवाई वाहतूक नियंत्रणाची यंत्रणा प्राधिकरणाचीच आहे.

मूळ कायदा आधी 1934 चा होता. त्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम 2024 ने घेतली. तो 1 जानेवारी 2025 पासून लागू आहे.

ही साधनं असतात तरी काय?

रात्री किंवा ढगात वैमानिकाला जमीन दिसत नाही. तेव्हा तो यंत्रावर चालतो.

व्हीओआर हे जमिनीवरचं रेडिओ केंद्र. आपण केंद्राच्या कोणत्या दिशेला आहोत, हे त्यावरून कळतं. डीएमई अंतर सांगतं. आयएलएस उतरताना लागतं. विमान धावपट्टीच्या मध्यरेषेवर आहे का आणि योग्य उतारावर आहे का, हे ते दाखवतं. धावपट्टीचे दिवे आणि उताराचा अंदाज देणारे लाल-पांढरे दिवे वेगळे.

आता उपग्रहही आले. प्राधिकरण आणि इस्रो यांनी मिळून गगन ही प्रणाली उभी केली. ती जीपीएसच्या खुणेतली चूक दुरुस्त करून विमानाला पाठवते. 2015 मध्ये तिला उतरण्यासाठीच्या अचूक मार्गदर्शनाचं प्रमाणपत्र मिळालं.

यातली रेडिओ यंत्रं नाजूक असतात. मोठा पत्र्याचा शेड किंवा उंच लोखंडी सांगाडा जवळ उभा राहिला की लहरी आदळून फिरतात आणि खूण चुकीची जाते. म्हणून नुसतं "विमानाला धडकेल एवढं उंच नाही ना" एवढंच बघत नाहीत.

खर्च कोण देतं?

विमान कंपन्या. विमानतळावर उतरताना वेगळं शुल्क, आणि आकाशातून जाताना मार्ग दिशादर्शन शुल्क. कन्नड-सिल्लोडवरून जी विमानं वर रेघ ओढत जातात, ती इथे उतरत नसली तरी हे शुल्क देतात. आपला भाग मुंबईच्या हवाई क्षेत्रात येतो.

आता मुद्द्याचं : आपल्या घराला किती उंची?

विमानतळाच्या मध्यबिंदूपासून 20 किलोमीटरच्या आत बांधकाम आणि झाडं यांवर निर्बंध घालायचा अधिकार केंद्राला आहे. शेंद्रा, कुंभेफळ, करमाड, झाल्टा या गावांनी हे खास लक्षात ठेवावं. बांधकामाच्या उंचीचे सविस्तर नियम 2015 मध्ये आले.

हिशोब असा असतो. यंत्राने उतरण्याची सोय असलेल्या मोठ्या धावपट्टीच्या टोकाबाहेर एक तिरपी काल्पनिक पातळी धरतात. 50 मीटर पुढे गेलं की ती 1 मीटर वर चढते. म्हणजे ती जिथून सुरू होते तिथून एक किलोमीटरवर फक्त 20 मीटर उंची मिळते. धावपट्टीच्या बाजूला, साधारण 4 किलोमीटरच्या परिघात, 45 मीटरची आडवी पातळी असते. रेडिओ यंत्रांसाठीची मर्यादा याहून कडक असू शकते.

आणि इथे बहुतेक जण फसतात. ही उंची जोत्यापासून मोजत नाहीत, समुद्रसपाटीपासून मोजतात. चिकलठाण्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 580 मीटरवर आहे. तुमचा प्लॉट टेकाडावर असेल आणि धावपट्टीपेक्षा 6 मीटर उंच असेल, तर त्या 20 मीटरमधले 6 मीटर जमिनीतच गेले. उरले 14. त्यातच पाण्याची टाकी, जिन्याची खोली, लिफ्टची खोली, अँटेना सगळं बसवायचं.

परवानगीची रीत

प्राधिकरण विमानतळाभोवतीचा रंगीत नकाशा करतं. त्यात चौकोन पाडलेले असतात आणि प्रत्येक चौकोनाला उंची लिहिलेली असते. बांधकाम त्या उंचीच्या आत असेल तर मनपा किंवा संबंधित नियोजन संस्था स्वतः परवानगी देऊ शकते. लाल पट्ट्यात किंवा त्या उंचीच्या वर जायचं असेल तर प्राधिकरणाकडे ऑनलाइन अर्ज करावा लागतो.

अर्जाला जागेचे अक्षांश-रेखांश आणि जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची लागते. ती मोजणी नीट करून घ्या. अंदाजाने टाकलेला आकडा पुढे गळ्याशी येतो. मिळालेली उंची कमी वाटली तर अपिलाची सोय आहे.

एक गोष्ट ठासून सांगायची. ही एनओसी म्हणजे बांधकाम परवाना नाही, आणि मालकी हक्काचा पुरावा तर नाहीच. ती फक्त उंचीपुरती असते. एनए, नकाशा मंजुरी, सात-बारा हे सगळं वेगळं बघावं लागतं. "एनओसी आहे, बिनधास्त घ्या" असं म्हणणाऱ्या दलालाला हे विचारा.

नियम मोडला तर?

उंची जास्त झाली किंवा झाड आड आलं तर विमानतळाचा अधिकारी डीजीसीएला कळवतो. मालकाला नोटीस येते, म्हणणं मांडायची संधी मिळते. अंतिम आदेश निघूनही मालकाने ऐकलं नाही तर पाडायचं काम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं. म्हणजे आदेश दिल्लीचा, पण जेसीबी घेऊन दारात येणार ते जिल्ह्याचं प्रशासन.

याची दुसरी बाजूही माहीत असावी. 1934 च्या कायद्यात, अशा निर्बंधामुळे खरोखर नुकसान झालं तर भरपाईची तरतूद होती. पण सरकारी बंधनाच्या आधीपासून तुमचं काय होतं, याचा कागद लागतो. जुने फोटो, घरपट्टीच्या पावत्या, ग्रामपंचायतीचा नमुना आठ जपून ठेवा.

शेतकऱ्यांनी अन् मंडळांनी काय पाळायचं?

ड्रोन : फवारणीचा ड्रोन आता गावोगाव आला. 2021 च्या नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत मोकळीक आहे. त्याच्या आत आला की आधी परवानगी. डिजिटल स्कायच्या नकाशावर आपला गट बघूनच उडवा.

कचरा आणि मांस : विमानतळाच्या 10 किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरं कापणं, सोलणं आणि घाण टाकणं नियमाने बंद आहे. घारी-गिधाडं जमतात आणि इंजिनात जातात.

लेझर : लग्नाच्या वरातीतला, मिरवणुकीतला लेझर वर मारू नका. उतरत्या विमानाच्या वैमानिकाचे डोळे दिपतात. विमानाला घातक ठरणारे किंवा विमानतळाच्या दिव्यासारखे भासणारे दिवे बंद करायला लावायचा अधिकार सरकारला आहे.

अन् जहाजांचं काय?

मराठवाड्याला समुद्र नाही, पण घटनेतली ओळ एकच आहे. कोकण किनाऱ्यावर खांदेरीचं दीपगृह 1867 चं आणि मुंबईचं प्राँग्स रीफ 1875 चं. दीपगृहांचं काम केंद्राचं दीपगृह महासंचालनालय बघतं. 1927 चा दीपगृह कायदा जाऊन 2021 चा नवा कायदा आला. त्यात नुसते दिवेच नाहीत, तर रेडिओ खुणा आणि जहाज वाहतूक सेवाही येतात. त्याचंही शुल्क जहाजांकडूनच घेतात.

आणि पैठण-गंगापूरकरांसाठी एक गंमत. 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने गोदावरीचा भद्राचलम ते नाशिक हा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग 4 मध्ये घातला. म्हणजे कागदावर आपली गोदामाय राष्ट्रीय जलमार्ग आहे. जलमार्गाच्या खुणा, तरंगते बोये आणि दिवे लावायचं काम भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाकडे जातं.

शेवटी एवढंच

चिकलठाण्याची धावपट्टी वाढवायची आणि त्यासाठी चिकलठाणा, मुकुंदवाडी, मुर्तिजापूर भागातली जमीन घ्यायची, हा विषय गावात सारखा निघतो. धावपट्टीचं टोक सरकलं की वरची तिरपी पातळीही सरकते. म्हणजे ज्याची जमीन संपादनात जात नाही, त्याच्याही घराची उंची कमी होऊ शकते. म्हणून गावात बैठक झाली की एकराचा भाव विचाराच, पण त्याबरोबर "नव्या नकाशात आमच्या गटाला उंची किती?" हेही विचारा. उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा.