उपनिधी : मिताक्षरेपासून खिशातील फोनपर्यंत

आमच्या मंठाळच्या देवस्थानाच्या एका बैठकीत काही दिवसांपूर्वी एक साधाच वाटणारा विषय निघाला होता. उत्सवाची वर्गणी, अभिषेकाचे संकल्प आणि प्रसादाची वाटणी सुलभ व्हावी म्हणून भाविकांची यादी करावयाची, आणि ती एका मोठ्या परदेशी कंपनीच्या विनामूल्य सोयीवर ठेवावयाची, असे तरुण मंडळींनी सुचविले. नाव, गोत्र, कुलदैवत, जन्मतिथी, दूरध्वनी क्रमांक, घरातील माणसे, सर्व एके ठिकाणी राहणार. सूचना सोयीची होती. तिला विरोध करण्याचे कारण कोणास दिसेना. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी विचारले, “वही ठीक आहे, पण ती ठेवणार कोणाच्या घरी?”

या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी कोणासच नीट देता आले नाही. ते शोधताना आम्हांस प्रथम फार दूर जावे लागले, आणि मग ध्यानात आले की आपण आपल्याच तालुक्याच्या गावी येऊन पोहोचलो आहोत.

ज्यास आज आपण बसवकल्याण म्हणतो ते कल्याण एके काळी चालुक्यांची राजधानी होते. सहाव्या विक्रमादित्याच्या कारकीर्दीत, म्हणजे १०७६ ते ११२६ या अर्धशतकात, विज्ञानेश्वरांनी येथे याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका रचिली. कलबुर्गी जिल्ह्यातील मरतूर हे त्यांचे गाव मानले जाते. ग्रंथाच्या शेवटी कल्याण नगराची आणि विक्रमादित्याची त्यांनी मुक्तकंठाने स्तुती केली आहे. मिताक्षरेचे नाव आपणांस ठाऊक असते ते वाटणीच्या आणि वारसाच्या भांडणांमुळे. परंतु त्याच ग्रंथाच्या व्यवहाराध्यायात ठेवींचे एक लहानसे प्रकरण आहे, आणि आमच्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर तेथे आहे.

पेटीत किंवा पात्रात घालून, आत काय आहे हे न सांगता, जे द्रव्य दुसऱ्याच्या हाती सांभाळण्यास दिले जाते त्यास स्मृतिकार ‘औपनिधिक’ म्हणतात. मोजून, दाखवून दिलेली ठेव तो निक्षेप. न मोजता, न दाखविता, मुद्रा लावून दिलेली ठेव तो उपनिधी, असा भेद नारदाच्या आधारे केला जातो. उपनिधी जसा दिला तसाच परत केला पाहिजे. तो राजाने नेला, दैवाने नष्ट झाला किंवा चोरांनी पळविला, तर सांभाळणाराकडून भरपाई घेता येत नाही. पण त्याने स्वेच्छेने त्या ठेवीचा उपभोग घेतला, तिच्यावर आपली उपजीविका चालविली, तर तो दंडास पात्र होतो आणि ती ठेव त्यास वृद्धीसह परत करावी लागते.

या नियमाचा रोख वाचकांनी लक्षात घ्यावा. चोरी झाल्याबद्दल स्मृती सांभाळणारावर रुष्ट होत नाही. तिचा कटाक्ष आहे तो विश्वासाने दिलेल्या वस्तूवर जगणाऱ्यावर. दुसऱ्याची ठेव हे आपल्या पोटापाण्याचे साधन नव्हे, हा विचार आपल्या परिसरात नऊशे वर्षांपूर्वी धर्मशास्त्र म्हणून शिकविला जात होता.

तो केवळ पोथीतच राहिला असेही नाही. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या पुष्कळ वाचकांनी पाहिल्या असतील. यात्रेकरूने आपल्या हाताने, बहुधा मोडीत, आपले गाव, आपले पूर्वज, बरोबर आलेली माणसे लिहून ठेवावयाची. पुढे त्याच कुळाचा मनुष्य आला म्हणजे ती वही निघावयाची. गोमंतकातील देवस्थानांत १९३३च्या माझानी नियमावलीनुसार महाजनांच्या सूची ठेवल्या जातात; आपल्या कोंकणी वाचकांस त्यांचे महत्त्व सांगावयास नको. या वह्यांतील माहिती थोडी नसते. कित्येक कुळांचा इतिहास त्यांत आहे. तथापि ती ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी वापरली जाते, आणि ठेवणारा कोण हे देणारास ठाऊक असते.

जुने ते सर्व निर्दोष होते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ज्या घरात कोणास अक्षरओळख नसे, ते घर आलेले पत्र गावातील एखाद्या शिकलेल्या मनुष्याकडून वाचवून घेई. वाचणारा पैसा घेत नसे; पण हळूहळू साऱ्या गावाची सुखदुःखे, कर्जे आणि सोयरिकी त्याच्या मुठीत येत. फुकट वाचून देणारा सर्व जाणतो, हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते.

जे लोकांपासून राखावयाचे ते आपणच मुद्रांकित करावे, असा दुसरा मार्ग आपल्याच भाषेत एका पंथाने स्वीकारला. महानुभावांनी आपले ग्रंथ चौदाव्या शतकापासून सांकेतिक लिपींत लिहिण्यास आरंभ केला. त्यांतील सकळ लिपीचे श्रेय परंपरेने रवळोबासांस दिले जाते. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा चिन्ह योजावयाचे, अशी तिची रीत होती. भाषा मराठीच, पण संकेत ज्यास ठाऊक त्यालाच ती वाचता येई. पंथाचे मठ पुढे पंजाब आणि काबूलपर्यंत गेले, आणि मराठी पोथ्याही त्यांच्याबरोबर गेल्या.

या उपायाचा गुण व दोष दोन्ही इतिहासाने दाखविले. ग्रंथ सुरक्षित राहिले. परंतु बाहेरच्यांस वाचता न आल्यामुळे पंथाविषयी गैरसमजही पुष्कळ माजले. आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला, तेव्हा त्या संकेताने झाकलेल्या सर्वच पोथ्या एकदम वाचनीय झाल्या. मराठी वाङ्मयाचा त्यात मोठाच लाभ झाला. पण कुलूप म्हणून पाहिले तर त्यात एक उणीव होती : सर्वांचे कुलूप एक आणि किल्लीही एक. कुलपाची घडण शत्रूस कळली तरी किल्ली आपल्याजवळ असेतोवर पेटी उघडता येऊ नये, हे तत्त्व ऑगस्ट केरखॉफ्स या पंडिताने १८८३ साली फ्रेंच भाषेत मांडले. आजचे सर्व विश्वसनीय गुप्तलेखन याच तत्त्वावर उभे आहे. घडण उघडी, किल्ली ज्याची त्याच्यापाशी.

आता खिशातील फोनाकडे वळू. गूगलने अँड्रॉइड ही कंपनी २००५ साली विकत घेतली, आणि त्या प्रणालीवरील पहिला फोन २००८ साली बाजारात आला. या प्रणालीचा पाया मुक्त आहे. तो कोणीही पाहावा, बदलावा. पण आपल्याकडे फोन येतो तो त्या पायावर कंपनीच्या स्वतःच्या बंद सेवांचा मजला चढवून. पत्ते, छायाचित्रे, गेलो त्या वाटा, शोधलेले शब्द, हे सर्व आपण त्या मजल्यावर ठेवतो. भाडे कोणी मागत नाही. कारण आपल्या ठेवीवरून आपली आवडनिवड ताडून जाहिराती विकणे हाच तेथील मुख्य व्यवसाय आहे. स्मृतीच्या भाषेत बोलावयाचे तर ही उपनिधीवरची उपजीविका होय.

या मजल्याची सक्ती आपल्या देशातही तपासली गेली. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. फोन बनविणाऱ्यांनी कंपनीच्या अ‍ॅपांचा संपूर्ण संच आधीच बसवून द्यावयाचा आणि ग्राहकास तो काढता येऊ नये, ही अट अन्याय्य आहे, असे आयोगाने म्हटले. पुढे मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने काही निर्देश रद्द केले. दंड मात्र कायम ठेवला.

दुसरीकडे, तो मुक्त पाया घेऊन स्वतंत्र घर बांधणारेही पुढे आले. २००९ साली सायनोजेनमॉड निघाले आणि २०१६च्या अखेरीस त्याच्या जागी लिनिएजओएस आले. मुक्त अ‍ॅपांचे भांडार म्हणून एफ-ड्रॉइड २०१० पासून चालू आहे. मद्रास येथील आय. आय. टी.च्या आश्रयाने सिद्ध झालेली भारओएस ही प्रणाली जानेवारी २०२३ मध्ये लोकांपुढे आली. फोनात आधीच भरलेली अ‍ॅपे नसावीत, हा तिचा एक विशेष सांगितला गेला. २००४ साली लंडनमध्ये आरंभलेला ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा तर लोकांनीच भरावयाचा आहे. मंठाळच्या गल्ल्या, विहिरी आणि देवळे आपल्या हाताने त्यात लिहिता येतात, आणि जिल्ह्याचा नकाशा एकदा फोनात उतरवून घेतला म्हणजे वाट पाहण्यासाठी कोणास विचारावे लागत नाही.

या सर्वांतून आम्हांस सर्वांत बोलका वाटला तो सिग्नल या संदेशवाहकाचा प्रसंग. यात संदेशाची किल्ली केवळ दोन्ही टोकांच्या फोनांत असते आणि कुलपाची घडण सर्वांस पाहावयास खुली असते. २०१६ साली अमेरिकेतील एका न्यायालयीन चौकशीत त्याच्या चालकांकडे ग्राहकाची माहिती मागण्यात आली. त्यांना देता आल्या त्या दोनच गोष्टी : खाते केव्हा उघडले, आणि ते शेवटी केव्हा जोडले गेले. अधिक काही त्यांनी ठेवलेच नव्हते. चोर, राजा आणि दैव या तिन्हींपासून ठेव वाचविण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही. जी ठेव ठेविलीच नाही ती कोणी नेत नाही.

सामान्य गृहस्थाने यातून काय घ्यावे? आम्ही स्वतः ज्या क्रमाने गेलो तो सांगतो. प्रथम फोनाच्या सेटिंग्जमध्ये जाऊन कोणत्या अ‍ॅपास कोणती परवानगी दिली आहे ते पाहिले. दिनदर्शिकेस आमचे स्थान आणि विजेरीस आमचे पत्ते कशास हवेत? नंतर जाहिरातींसाठी दिलेला ओळखक्रमांक पुसला आणि स्थानाचा इतिहास बंद केला. मग एकेक सेवा बदलली. न्याहाळक म्हणून फायरफॉक्स, नकाशास वर सांगितलेला लोकनकाशा, निकटच्या मंडळींशी बोलण्यास सिग्नल. कीबोर्डही बदलला, कारण लिहिलेले प्रत्येक अक्षर प्रथम त्याच्याच हातून जाते. केरळातील स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग या संस्थेच्या मुक्त इंडिक कीबोर्डावर मराठीही आहे. संपूर्ण प्रणाली बदलणे ही शेवटची पायरी. ती जाणकाराच्या साहाय्यानेच चढावी. प्रत्येक फोनास ती मानवतेच असे नाही.

अडचणी लपवून ठेवण्यात अर्थ नाही. प्रणाली बदललेल्या फोनावर बँकांची व पैसे पाठविण्याची काही अ‍ॅपे चालण्याचे नाकारतात. ग्राफीनओएस ही कडेकोट समजली जाणारी प्रणाली अनेक वर्षे गूगलच्याच पिक्सेल फोनांवर चालत आली, यातील विनोद तिच्या पुरस्कर्त्यांसही कळतो. सिग्नलला नोंदणीसाठी दूरध्वनी क्रमांक लागतो. आणि सारे गाव एका संदेशवाहकावर असताना आपण एकट्याने तो सोडला, तर मर्तिकाची वार्ताही उशिरा कळते. म्हणून आम्ही तो सोडला नाही. घरातील खाजगी बोलणे मात्र तेथून हलविले.

कायद्यानेही या बाबतीत मोठी मजल मारली आहे. आमच्याच कर्नाटकाच्या उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली, वयाच्या ऐंशीच्या पुढे, आधार योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तीतून २४ ऑगस्ट २०१७ चा नऊ न्यायाधीशांचा एकमुखी निर्णय आला : खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यातील प्रमुख निकालपत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांचे. आणीबाणीत, १९७६ साली, ज्या निर्णयात त्यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड बहुमतात होते, तो त्यांनी येथे सदोष ठरविला. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. माहिती धारण करणाऱ्यास या कायद्यात विश्वस्त अशा अर्थाचे नाव दिले आहे. उपनिधीचा विचार नऊ शतकांनी पुन्हा कायद्यात आला, असे म्हणावयास हरकत नाही. पण हा विश्वस्त बव्हंशी आपल्या संमतीवर चालतो, आणि आपण तर न वाचताच ‘मान्य’ या शब्दावर बोट ठेवतो. ते बोट आवरणे कोणत्याही न्यायालयाच्या हाती नाही.

पुढच्या बैठकीत आम्ही ही सर्व हकीकत सांगितली. निर्णय असा झाला की संकल्पास लागते तेवढेच, म्हणजे नाव आणि गोत्र, लिहून घ्यावे; निरोपासाठी दूरध्वनी क्रमांक घ्यावा; जन्मतिथी आणि घरातील माणसांची गणती विचारूच नये. यादी देवस्थानाच्याच संगणकावर संकेतशब्दाच्या कुलपात राहील, तिची एक प्रत कागदी वहीत, आणि संकेतशब्द दोघा विश्वस्तांपाशी. तरुण मंडळींनी काम आनंदाने अंगावर घेतले.

वृद्ध गृहस्थांनी पहिल्या पानावर आपले नाव व गोत्र स्वतःच्या हाताने लिहिले, आणि वही कपाटात ठेवून किल्ली फिरेपर्यंत ते तेथेच उभे राहिले.