दोन यंत्रांची ओळख : घरगुती जाळ्याची कुळकथा



चंद्रपुरांतील एखाद्या घरीं माळ्यावर किंवा कपाटामागें एक जुना संगणक धूळ खात पडलेला आढळतो. नवा आला, जुना निवृत्त झाला. पण छायाचित्रें, हिशेब आणि मुलांचे निबंध जुन्यांतच राहिले. तें सारें नव्यांत आणावयाचें तर बाहेरचें इंटरनेट हवेंच, अशी एक समजूत आहे. ती खरी नाहीं. इंटरनेट घरोघर पोंचण्याच्या कितीतरी आधीं यंत्रें एकमेकांशीं बोलूं लागलीं होतीं; आणि ती कथा आपल्या वनप्रदेशाला चांगल्या परिचयाच्या अशा एका अडचणींतून सुरू होते.

पर्लकोटेला पूर आला म्हणजे भामरागडची वाट तुटते आणि पलीकडचीं गांवें बेटांसारखीं होतात. प्रशांत महासागरांतील हवाई हीं तर खरोखरींचीं बेटें! तेथील विद्यापीठाच्या शाखा विखुरलेल्या आणि मोठा संगणक एके ठिकाणीं. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांचे सहकारी यांनीं १९७१ सालीं तारेऐवजीं रेडिओच्या लहरींनीं त्यांना जोडलें. दोघांचे संदेश एकाच वेळीं निघून आदळले, तर उत्तर येत नसे; मग प्रत्येकानें थोडा, पण वेगवेगळा वेळ थांबून पुन्हां बोलावें, एवढाच त्यांचा नियम होता.

या नियमाला १९७३ सालीं अमेरिकेंतील झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेंत रॉबर्ट मेटकाफ यांनीं शिष्टाचाराची जोड दिली: बोलण्यापूर्वीं ऐकावें. वाट मोकळी असेल तरच बोलावें. तरीहि दोघे एकदम बोललेच, तर दोघांनींहि गप्प व्हावें. आपल्या सभांतून हा नियम पाळला जाता तर किती बरें झालें असतें! या पद्धतीला त्यांनीं 'ईथरनेट' हें नांव दिलें. १९८३ मध्यें तिला सर्वमान्य प्रमाण लाभलें, आणि १९९० मध्यें जाड केबलीच्या जागीं टेलिफोनसारख्या पीळ घातलेल्या बारीक तारा मान्य झाल्या. तेव्हांपासून हें जाळें सामान्य माणसाच्या आवांक्यांत येऊं लागलें.

आपल्या देशांत १९८६ सालीं 'अर्नेट' योजनेनें पांच आय. आय. टी., बंगळूरची विज्ञानसंस्था, मुंबईचें एन. सी. एस. टी. आणि दिल्लींतील इलेक्ट्रॉनिक्स खातें अशा आठ संस्था एकत्र आणल्या. जनतेला इंटरनेट मिळालें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं.

आतां घरची गोष्ट. दोन यंत्रें जोडण्यास एक तार पुरे. तिची लांबी शंभर मीटरच्या आंत असावी. एकाच्या बोलण्याची जोडी दुसऱ्याच्या ऐकण्याच्या जोडीस मिळाली पाहिजे. म्हणून जुन्या यंत्रांना उलटसुलट जोडलेली तार लागे. नवीं यंत्रें बहुधा हा बदल आपणच ओळखून करतात. यंत्रें दोहोंहून अधिक असतील, तर मध्यें 'स्विच' नांवाची लहानशी पेटी ठेवावी. मग प्रत्येकास पत्ता द्यावा: एकास १९२.१६८.१.१, दुसऱ्यास १९२.१६८.१.२, आणि दोघांच्या 'मास्क'च्या जागीं २५५.२५५.२५५.० हा आंकडा लिहावा. यांसारखे पत्ते खासगी वापरासाठीं राखून ठेवलेले आहेत. म्हणून ते घरोघर तेच असले तरी गोंधळ होत नाहीं. शेवटीं एका यंत्रांतील एखादा फोल्डर सामायिक केला, कीं काम झालें.

मात्र येथें एक धोका आहे. जुन्या यंत्रांचे रक्षक केव्हांच निवृत्त झालेले असतात. विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजीं संपली, विंडोज सेव्हनची १४ जानेवारी २०२० रोजीं. मे २०१७ मध्यें 'वॉनाक्राय' हा उपद्रव जगभर पसरला, तो फाइली सामायिक करण्याच्या जुन्या पद्धतींतील एका छिद्रांतूनच. तेव्हां असें जुनें यंत्र घरच्या जाळ्यांत खुशाल ठेवावें. बाहेरच्या जगाशीं मात्र त्याची गांठ घालूं नये. तें राउटरला जोडूं नये, आणि त्याच्याशीं बोलणाऱ्या दुसऱ्या यंत्राचें इंटरनेटहि तेवढ्या वेळापुरतें बंद ठेवावें.

बाहेरचा दुवा तुटला म्हणजे सारेंच थांबलें, असें आपण मानूं लागलों आहों. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गांवानें २००९ सालीं आपल्या जंगलावरील सामूहिक हक्क मिळविला आणि जवळचा कारभार जवळच्यांनीं पाहावा, हें दाखवून दिलें. घरांतील दोन यंत्रांची गोष्ट त्या मानानें अगदींच लहान. पण तिचें तत्त्व फार निराळें नाहीं. पुरानें वाट तुटेल, मनोरा मुका होईल. तरी वीज असेल तोंवर शाळेच्या एका यंत्रांत सांठविलेलीं पुस्तकें शेजारच्या चार यंत्रांवर मुलांना वाचतां येतील. तेवढ्यासाठीं तरी माळ्यावरचें तें यंत्र भंगारांत देण्यापूर्वीं एकदां खालीं काढावें.