झुकती आगगाडी

वळणावर डब्याचा सांगाडा आतल्या बाजूला कलता ठेवून, आहे त्याच रुळांवरून नेहमीपेक्षा जास्त वेगाने जाणारी प्रवासी गाडी. टिल्टिंग ट्रेन याच नावाने ती अधिक परिचित आहे. ब्रिटनने हे तंत्र सर्वांत धाडसाने हाती घेतले आणि तिथेच त्याचे सर्वाधिक हसे झाले. भारतात त्याची एकच मोठी चाचणी झाली. २०१६ मध्ये स्पेनच्या टाल्गो कंपनीची गाडी दिल्लीहून मुंबई सेंट्रलपर्यंत धावली. ती सुरतमार्गे गेली, खानदेशातून नव्हे. तरीही जळगाव, भुसावळ आणि धुळ्याच्या रेल्वेप्रश्नांशी या तंत्राचा जवळचा संबंध आहे. तो पुढे येईल.

वळणावर गाडी बाहेर फेकली जाऊ पाहते, म्हणून बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच बसवतात. लाइनवरची माणसे या उंचीला ‘कँट’ म्हणतात. कँट हवा तेवढा वाढवता येत नाही, कारण त्याच रुळांवरून कोळशाची मालगाडीही रेंगाळत जाते, कधी सिग्नल नसल्यामुळे ऐन वळणावर उभी राहते आणि तिचा भार आतल्या रुळावर येतो. परिणामी जलद गाडीला कँट नेहमीच थोडा अपुरा पडतो. ही उणीव प्रवाशाला जाणवते. तो बाहेरच्या बाजूला ढकलला जातो आणि हातातला चहा हिंदकळतो. भारतीय रुंदमापी मार्गाचा हिशेब असा आहे : वळणाची त्रिज्या मीटरमध्ये घ्यायची, तिला कँट व चालवून घेतलेली उणीव यांच्या मिलिमीटरमधील बेरजेने गुणायचे आणि आलेल्या संख्येच्या वर्गमुळाला ०.२७ ने गुणायचे. दोन अंशांच्या, म्हणजे ८७५ मीटर त्रिज्येच्या वळणावर कँट १०० मिमी आणि उणीव ७५ मिमी धरली, तर ताशी सुमारे १०५ किमी वेग निघतो. डबा कलता असल्यामुळे उणीव १५० मिमीपर्यंत चालवून घेता आली, तर तोच वेग १२६ किमी होतो. रूळ न हलवता २० किमीची ही वाढ म्हणजे या तंत्राचे सगळे आकर्षण. मात्र डबा कलला म्हणून रुळावरचा बाहेरचा रेटा कमी होत नाही, उलट वेगाबरोबर तो वाढतो. आराम फक्त प्रवाशाला मिळतो, रुळाला नाही. या तंत्राच्या जाहिरातीत ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

डबा कलवण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत डबा वरच्या बाजूने, गुरुत्वमध्याच्या वर आधार देऊन बसवतात. टांगलेल्या पाळण्यासारखा तो वळणावर आपोआप कलतो, त्याला यंत्र लागत नाही. टाल्गो या प्रकारात मोडते. जपानने १९७३ मध्ये नागोया–नागानो मार्गावर नियमित सेवेत आणलेली गाडीही आपोआपच कलणारी होती. दुसऱ्या रीतीत संवेदक वळण ओळखतात आणि द्रवदाबावरचे जॅक डबा कलवतात. यात कल जास्त मिळतो आणि बिघाडाच्या जागाही जास्त.

ब्रिटनच्या ‘ॲडव्हान्स्ड पॅसेंजर ट्रेन’ची, म्हणजे एपीटीची, मुळे डर्बीच्या संशोधन केंद्रात होती. मालवाहू वाघिणी रुळावरून का घसरतात याचा शोध घेताना, क्षेपणास्त्रांच्या कामातून रेल्वेत आलेले ॲलन विकन्स आणि त्यांचे सहकारी चाकांच्या नागमोडी हेलकाव्यांच्या मुळाशी पोहोचले. हे हेलकावे आवरता आले तर जुन्या रुळांवरही ताशी २५० किमीचा वेग शक्य होता. अडचण वळणांची होती, म्हणून डबा कलवायचे ठरले. गॅस टर्बाइनवर चालणारी प्रायोगिक गाडी जुलै १९७२ मध्ये बाहेर पडली आणि लगेच अडकली. चालकाच्या खोलीत एकच खुर्ची होती. दोन माणसांऐवजी एकावर गाडी चालवण्याचा हा डाव आहे, असे म्हणत चालकांच्या संघटनेने तिच्यावर बहिष्कार टाकला आणि सुमारे वर्षभर गाडी उभी राहिली. अभियंत्यांनी हवाई दलाच्या तोडीचे गणित केले, पण खुर्ची मोजायची राहिली. पुढे १० ऑगस्ट १९७५ रोजी याच गाडीने ताशी २४५ किमी वेग गाठला.

त्यानंतरची विजेवरची गाडी डिसेंबर १९७९ मध्ये ताशी २६१ किमीपर्यंत गेली. डबा ९ अंशांपर्यंत कलवणे, वेग उतरवण्यासाठी द्रवाच्या अवरोधावर चालणारा ब्रेक आणि हलके सांगाडे असे सगळेच एकाच वेळी नवे होते. इंजिने गाडीच्या मधोमध बसवली होती. प्रवाशांना त्यांतून ये-जा करता येत नसे, म्हणून एकाच गाडीत खानपानाची सोय दोन ठिकाणी करावी लागली. ७ डिसेंबर १९८१ रोजी पत्रकारांना घेऊन ती ग्लासगोहून लंडनला सव्वाचार तासांत पोहोचली. वेळ उत्तम होती, पण बातम्या मळमळीच्या झाल्या. डब्याने वळणाचा धक्का पूर्ण पुसून टाकला होता. खिडकीतून क्षितिज कलताना दिसे, पण अंगाला काहीच कळत नसे आणि डोळे व कान यांचा मेळ बसत नसे. फुकट मिळालेल्या दारूचाही त्यात वाटा होता, असे रेल्वेचे म्हणणे. धक्का पूर्ण न पुसता थोडा शिल्लक ठेवला तर मळमळत नाही, हे नंतर लक्षात आले. तोवर कडाक्याच्या थंडीत ब्रेकमधला द्रव गोठला, कल देणारी यंत्रणा रुसली आणि काही दिवसांतच गाडी मागे घ्यावी लागली. १९८४ मध्ये ती सुधारून पुन्हा धावली. तेव्हा ती बरी चालत होती, पण पाठीराखा कोणी उरला नव्हता. तात्पुरती सोय म्हणून उभी केलेली, न कलणारी डिझेल गाडी १९७६ पासून ताशी २०० किमीने धावू लागली होती आणि पुढे चार दशके धावली. एपीटीचे काही पेटंट हक्क इटलीच्या फियाटने घेतले. १९८८ मध्ये फियाटची पेंडोलिनो इटलीत सेवेत आली आणि तिच्याच वंशातली गाडी एकविसाव्या शतकात ग्लासगो–लंडन मार्गावर परतली.

भारतातली चाचणी सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना झाली. टाल्गोने स्वखर्चाने ९ डबे समुद्रमार्गे आणले. स्पेनचा जुना रूळमार्ग १६६८ मिमी रुंदीचा आणि आपला १६७६ मिमीचा. फरक फक्त ८ मिमीचा असल्याने चाकांची जुळवणी सोपी गेली. मे २०१६ मध्ये बरेली–मोरादाबाद, जुलैत मथुरा–पलवल अशा चाचण्या झाल्या. मथुरा–पलवल पट्ट्यात वेग ताशी १८० किमीवर गेला. ऑगस्टमध्ये दिल्ली–मुंबई फेऱ्या सुरू झाल्या. पहिलीच फेरी गुजरातेतल्या पावसात सापडून सुमारे तीन तास उशिरा मुंबईला आली. सप्टेंबरमधल्या शेवटच्या फेरीने सुमारे १३८४ किमी अंतर १२ तासांच्या आत कापले. तेव्हा राजधानी एक्सप्रेसला १६ तासांच्या आसपास लागत. आकडा डोळे दिपवणारा होता, पण ही वेळ वाट मोकळी करून दिलेल्या चाचणी गाडीची होती, रोजच्या वेळापत्रकातल्या गाडीची नव्हे. सरळ रुळांवर वेगमर्यादा वाढवूनही त्यातली बरीच बचत झाली असती. कलण्याचे श्रेय त्यात नेमके किती, हे त्या गाजावाजात कुणी विचारले नाही. पुढे खरेदी झाली नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये स्वित्झर्लंडशी रेल्वे सहकार्याचे करार झाले आणि तेव्हाही झुकत्या गाडीचे नाव निघाले.  २०२२ मध्ये १०० वंदे भारत गाड्या झुकत्या करण्याचा इरादा जाहीर झाला, २०२५-२६ ची मुदतही सांगितली गेली. प्रत्यक्षात आलेली वंदे भारत न कलणारीच आहे.

आता खानदेश. जळगाव ते मुंबई हे ४२० किमी अंतर. या वाटेवर गाडीची खरी अडवणूक होते ती थळ घाटात. कसारा ते इगतपुरी चढ ३७ फुटांना १ फूट असा आहे. कसाऱ्याला मागून बँकर इंजिने जोडायची आणि वर पोहोचल्यावर सोडायची, ही इथली जुनी रीत. डबा कितीही कलला तरी चढ कमी होत नाही. त्यावरचा उपाय जळगावकरांनी २०१९ मध्ये पाहिला. १९ जानेवारीला मुंबई सीएसएमटी–हजरत निजामुद्दीन राजधानी सुरू झाली, तिला जळगावला थांबा मिळाला आणि पुढच्याच महिन्यात तिला पुढे-मागे एकेक इंजिन लागले. बँकरची गरज संपली आणि वेळ वाचला. त्यासाठी परदेशी पेटंट लागले नाही. उधना–जळगाव मार्गाची अडचणही वळणांची नव्हती, एकेरी लाइनवरच्या क्रॉसिंगची होती. अमळनेर किंवा नंदुरबारला समोरच्या गाडीसाठी ताटकळलेल्या प्रवाशाला कलत्या डब्याचा काही उपयोग नव्हता. दुहेरीकरण झाले आणि १६ फेब्रुवारी २०१९ रोजी धुळ्याच्या कार्यक्रमात त्याचे लोकार्पण झाले.

वळणांचा प्रश्न खानदेशात खऱ्या अर्थाने येईल तो मनमाड–इंदूर मार्गावर. धुळे, शिरपूर, सेंधवा अशा वाटेने सातपुडा ओलांडणाऱ्या या ३०९ किमीच्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. खर्च १८,०३६ कोटी रुपये धरला आहे. झुकती गाडी हे जुन्या, वाकड्या मार्गाचे औषध आहे. नव्या मार्गावर तिची गरज पडू न देणे आखणी करणाऱ्यांच्या हातात असते. धुळ्यातून या मार्गासाठी अनेक वर्षे मागणी करणाऱ्यांनी आता स्थानकांच्या यादीबरोबर सातपुड्यातल्या वळणांच्या त्रिज्याही मागून घ्याव्यात.